बाटुमीचा टायब्रेक: दिव्या देशमुख

२८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीचे दोन क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेचे डाव बरोबरीत सुटले. मग टायब्रेक, म्हणजे निकाल लावायला कमी वेळेचे रॅपिड डाव. पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडला पांढरी मोहरी कोनेरू हंपीकडे, काळी नागपूरच्या दिव्या देशमुखकडे.

जरा घड्याळाकडे बघा. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंदांची भर. डाव चालला ७५ चाली. म्हणजे एकीच्या वाट्याला सगळी मिळून साडेसत्तावीस मिनिटं, आणि त्यातली बरीचशी मध्यडावातच उडतात. एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, येईतो हातात उरतात ते त्या वाढीव दहा सेकंदांचे तुकडे. पटावर मोहरी कमी, तशी चूक झाकायला जागाही कमी. त्या संध्याकाळी चुका दोघींच्याही झाल्या. शेवटची हंपीची ठरली.

हंपी ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, झाली २००२ मध्ये. दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा.

डॉक्टर आईवडिलांच्या या मुलीनं दहा आणि बारा वर्षांखालची जागतिक विजेतेपदं शाळेतच मिळवली. २०२२ मध्ये भुवनेश्वरला राष्ट्रीय महिला विजेती, मग कोल्हापुरात पुन्हा तीच. २०२३ ला अल्माटीत आशियाई विजेतेपद. २०२४ तर भरभरून गेलं: गांधीनगरच्या जागतिक ज्युनियरमध्ये ११ पैकी १० गुण, बुडापेस्ट ऑलिम्पियाडला तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ, वैयक्तिक आणि सांघिक दोन्ही सुवर्ण.

एवढं असून ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी मोजली जाणारी ठरावीक दर्जाची स्पर्धेतली कामगिरी, तिच्या नावावर नव्हता. नेहमीची वाट किचकट आहे. २५०० रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, गाठायचं, शिवाय एकूण किमान २७ डावांचे नॉर्म जमवायचे. नॉर्मसाठी २६०० रेटिंगच्या तोडीची कामगिरी लागते, समोर किमान तीन ग्रँडमास्टर आणि पुरेसे परदेशी खेळाडू लागतात. आठ फेऱ्या उत्तम खेळून नवव्या फेरीत अर्धा गुण गेला, तर अनेकदा नॉर्मही जातो. महिला विश्वचषकाच्या विजेतीला मात्र हा किताब थेट मिळतो. याला कुणी आडवाट म्हणत असेल, तर त्यानं वाटेत कोण कोण होतं ते पाहावं.

दिव्याला मानांकन होतं पंधरावं. चौथ्या फेरीत चीनची झू जिनर, टायब्रेकवर. उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिका, तीही टायब्रेकवर. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत, दुसरा १०१ चालींचा, आणि तो दिव्यानं जिंकला.

हंपीनं डाव सोडला, हस्तांदोलन झालं आणि दिव्याचे डोळे वाहू लागले. आईला मारलेली ती घट्ट मिठी सगळ्यांनी पाहिली. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी. डावानंतर मात्र ती म्हणाली, आपल्याला एंडगेम अजून शिकायला हवेत.

सप्टेंबरमध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेला ती उतरली ती महिला गटात नव्हे, खुल्या गटात.