लुडबुडीची जागा

(जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून-सावरून.)

नमस्कार मंडळी.

मसाला दूध अजून आटतंय. ते आटेपर्यंत कोणीतरी बोलायला हवं, म्हणून कार्यकारिणीनं मला उभं केलंय. विषय काय घेऊ विचारलं, तर आपल्या सचिवबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या मीटिंगचंच सांगा." इथं बसलेल्यांपैकी चौघं त्या मीटिंगमध्ये हजर होते आणि आत्ताच हसायला लागलेत. बाकीच्यांसाठी सांगतो.

फेब्रुवारीतला सोमवार. सकाळी सहा चाळीसला आमच्या किटाचा, म्हणजे इथल्या बालवाडीचा, निरोप आला: दोन बाई आजारी आहेत, आज आणि उद्या तुमचा गट बंद. आमचे चिरंजीव चार वर्षांचे, ठणठणीत. बायकोचा ऑफिसात जाण्याचा वार, माझा होम ऑफिसचा. साडेदहाला मी ग्राहकाला चाचण्यांचा अहवाल समजावून सांगत होतो. बावीस माणसं होती मीटिंगला. मागून दार उघडलं आणि कमरेखाली काहीही न घातलेली एक मूर्ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबाऽऽ, शी झालीऽऽ!"

पुण्याच्या टीमला लगेच कळलं. जर्मन मंडळींनी विचारलं, तो काय म्हणाला? कोणीतरी भाषांतर केलं. ते कोणी केलं ते मी शोधून काढणार आहे.

2013च्या ऑगस्टपासून या देशात वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला किटात नाहीतर पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क कायद्यात, आणि बाईंना ताप! मूल आजारी पडलं तर सरकारी आरोग्य विम्यात आई आणि बाप दोघांनाही 2024पासून वर्षाला पंधरा-पंधरा दिवस घरी राहण्याची सोय आहे. पण मूल धडधाकट आणि बाई आजारी, तर ती सोय लागू होत नाही. आपल्याकडे शेजारच्या काकूंकडे सोडून आलो असतो. इथं शेजारच्या काकू स्वतःच कामावर जातात. आणि आजी येते ती नव्वद दिवसांच्या व्हिसावर. किटा बंद पडतं ते नेमकं एक्क्याण्णवाव्या दिवशी.

तर गेल्या हिवाळ्यात असे दिवस आमच्या वाट्याला बरेच आले. मी इंजिनिअर माणूस, पहिल्यांदा काय केलं असेल? एक्सेल उघडलं. नऊ ते साडेनऊ रंगकाम, साडेनऊ ते दहा ठोकळे, मग फळ, मग अक्षरं. रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर लावली. रंगकाम चार मिनिटांत संपलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी साहेब माझ्या खुर्चीपाशी उभे, "आता काय?" ते वेळापत्रक दोन दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं डायनोसॉर काढला. त्या कागदाचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

मग आपण सगळे करतो तेच केलं. टॅब्लेट दिला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये सांगून ठेवलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि दिवसभरात तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास चांगली धावपळ. आमच्याकडे आकडे नेमके उलटे झाले होते. मी यावर प्रवचन देणार नाही. ज्या दिवशी सलग तीन मीटिंग असतात त्या दिवशी आमच्याकडे अजूनही टॅब्लेट निघतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण तो काढून घेताना जो तमाशा होतो, त्यात वाचवलेला वेळ व्याजासकट परत जातो.

उपाय सांगितला आईनं, पुण्याहून, आणि तोही वैतागून. इथं सकाळचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे दुपारचे बारा, हिवाळ्यात एक. तेव्हा आई पोळ्या लाटत असते आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो. मी रडगाणं गात होतो की याला गुंतवू कशात? ती म्हणाली, "अरे, त्याला गुंतवतोस कशाला? कामाला लाव. तू काय ठोकळ्यांवर वाढलास होय रे? माझ्या मागं मागं लुडबूड करत वाढलास."

लुडबूड. मला तो शब्द कित्येक वर्षांनी ऐकू आला. आपण हा शब्द तक्रार म्हणूनच वापरतो: लुडबूड करू नकोस. पण चार वर्षांच्या पोराचा धंदाच तो असतो. मोठी माणसं काय करतात ते त्याला जवळून बघायचं असतं, हात लावायचा असतो. मी लॅपटॉपवर काय करतो ते त्याला दिसतच नाही. माणूस बसलाय आणि काचेशी बोलतोय, यात तो काय लुडबूड करणार? म्हणून तो माझ्यातच लुडबूड करायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कोथिंबिरीची जुडी दिली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एक मोठी वाटी पानांसाठी, एक ताटली देठांसाठी. एकदा करून दाखवलं आणि शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो. त्यानं पहिलं पान तोडलं. वास घेतला. माझ्या नाकाला लावलं. वाटीत ठेवलं. पुन्हा काढून उजेडात धरून बघितलं. दुसरं पान. पिवळं पान आलं तर "हे आजारी आहे का?" म्हणून विचारलं, आणि आजारी पानांची तिसरी ढिगोळी त्यानं स्वतःच सुरू केली, मी सांगितली नव्हती. मधे एक गवताची काडी सापडली, तिला चौथी जागा. एक जुडी चाळीस मिनिटं चालली. माझी मीटिंग पस्तीस मिनिटांची होती. वाटीत निम्मे देठच होते, ते तसेच पिठल्यात गेले, आणि जेवताना प्रत्येक घासाला "ही मी निवडलेली" असं ऐकावं लागलं.

वेगवेगळे ढीग करणं, नियम ठरवणं, न बसणाऱ्या गोष्टीसाठी नवा ढीग करणं. याला बालशिक्षणात वर्गीकरण म्हणतात आणि ते शिकवायला लाकडी खेळण्यांचे संच मिळतात. किमती तुम्ही बघितल्याच असतील.

पण मला त्याहून मोठा फायदा नंतर लक्षात आला. आपली मुलं मराठी कशी बोलतात? "बाबा, मी मालेन करतो", म्हणजे चित्र काढतो. "आई, हे श्नाइडन कर", म्हणजे काप. "कपडे फोल्ड कर." नामं मराठी असतात, आजी-आजोबा, पोळी, भाजी सगळं असतं. क्रियापद मात्र एकच उरतं, "कर". का? क्रियापदं हातातून येतात, आणि आपण मुलांसमोर हातानं काही करतच नाही. शनिवारच्या मराठी शाळेत आपण त्यांना क, ख, ग शिकवतो, चित्रातला हत्ती दाखवतो. निवड, सोल, चीर, मळ, लाट, पिळ, झटक, वाळत घाल, घडी घाल, गाळ, पुस, आवर, हे चित्रात कसं दाखवणार? आमच्याकडे आता मोज्यांच्या जोड्या तो लावतो, कपडे वाळत घालताना चिमटे तो लावतो. चिमटा दाबायला त्या चिमुकल्या बोटांना केवढा जोर लागतो! तोच जोर पुढं पेन्सिल धरायला कामी येतो. लसूण सोलतो, म्हणजे एक पाकळी सोलून होईपर्यंत माझे दोन ईमेल होतात. परवा किटात कपडे पिळून दाखवत तो बाईंना काहीतरी सांगत होता, आणि जर्मन वाक्याच्या मधोमध "पिळायचं" आलं. बाईंना काही कळलं नाही. मला जाम आनंद झाला.

आता फजिती. उत्साहाच्या भरात मी एकदा राजमा, चवळी आणि पांढरे वाटाणे एकत्र करून त्याला वेगळे करायला दिले, केकच्या बारा खळग्यांच्या साच्यात, आणि शेजारच्या खोलीत जाऊन फोन घेतला. दहा मिनिटांनी येऊन म्हणाला, "एक वाटाणा हरवला." कुठं? नाकाकडे बोट. सुका वाटाणा ओल लागली की फुगतो, आणि नाकात ओलीला काय तोटा! दुपार दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बारीक आकड्यानं तो काढला आणि मला एका शब्दानंही रागावले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: बारीक कडधान्यं मी शेजारी, दोन्ही हात मोकळे ठेवून बसलेला असेन तेव्हाच. राजमा तर नाहीच, कच्चा पोटात गेला तर विषारी असतो. मीटिंगच्या वेळी मोठ्या वस्तू.

मोठी वस्तू म्हणजे कोणती, त्याचं उत्तर या देशानं आपल्या पायाखाली पसरून ठेवलंय: कास्टानियन. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला त्या तपकिरी, चकचकीत बियांचा सडा पडतो. खाण्याच्या नाहीत त्या, पण बाकी सगळ्याच्या आहेत. जर्मन मुलं त्यांना काड्या टोचून प्राणी करतात. मी हातात घेतली आणि मला सागरगोटाच आठवला. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा, मग दोन, मग तीन. चार वर्षांच्या हाताला तो झेलता येत नाही, पण मोजता येतो.

हे जवळचं सामान उचलून शिकवणं आपल्याकडे कोणी रुजवलं ते सांगायचा मोह आवरत नाही. इथून काही तासांवर, थुरिंगियात बाड ब्लँकेनबुर्गला फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं 1837मध्ये लहान मुलांसाठी खेळातून शिकण्याची जागा उघडली, आणि 1840मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याचं पहिलं खेळणं काय होतं? दोऱ्याला बांधलेले लोकरीचे मऊ चेंडू. पुढं 1851मध्ये प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदीच घातली. लहान मुलं खेळतात याचीसुद्धा सरकारला भीती वाटू शकते! आणि आपल्याकडे ताराबाई मोडक. 1945मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. महागडं सामान परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं. 1975मध्ये सरकारची देशभराची योजना आली, तिच्या केंद्रांना आज आपण अंगणवाडीच म्हणतो. आमचं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, अंगण कुठलं? जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग हेच आमचं अंगण. तो अर्धा भाग त्याचा, तिथं माझा लॅपटॉप सरकत नाही.

मोजण्यावरून आणखी एक. 2019मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आणलं आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला आठवतंय? मी पण व्हॉट्सअ‍ॅपवर तावातावानं लिहिलं होतं. इथं चिरंजीव कास्टानियन मोजताना जर्मनमध्ये 'आइनउंटत्स्वानत्सिश' म्हणतात. म्हणजे एक आणि वीस. एकवीस! ज्याला इंग्रजीत मोजायची सवय आहे तो इथं अडखळतो, मराठी पोराला दोन्हीकडे एकक आधी. आणि इथंही काही गणितज्ञ वर्षानुवर्षं म्हणतायत की आकडे सरळ, दशक आधी धरून म्हणू द्या. फक्त एकोणतीससारख्या आकड्यांना जर्मन भाषेत जोड नाही. तिथं तो थांबतो, माझ्याकडे बघतो आणि "नऊवीस" म्हणतो. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी भरभर सांगतो, दुधाचा वास यायला लागलाय.

लॅपटॉप उघडायच्या आधी वीस मिनिटं त्याची. फोन दुसऱ्या खोलीत. आधी मला हे वीस मिनिटांचं नुकसान वाटायचं. पण आधी पोट भरलं की तो पुढचा तासभर मागं लागत नाही. ती वीस मिनिटं चुकवली की दिवसभर पाच-पाच मिनिटांनी वसूल करतो. माझ्या दाराला लाल टॉवेल असेल तर फक्त रक्त, आग किंवा शी यांसाठी आत यायचं. शीचा समावेश त्या फेब्रुवारीनंतर झाला.

आणि टोनीबॉक्स, मुलांना गोष्टी-गाणी ऐकवणारा डबा, वर छोटी बाहुली ठेवली की वाजणारा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. त्यात क्रिएटिव्ह टोनी नावाची बाहुली मिळते, तिच्यावर नव्वद मिनिटांपर्यंत आपला आवाज भरता येतो. आईला अ‍ॅपची लिंक पाठवली. तिनं चिऊ-काऊची गोष्ट भरली, मागं कुकरच्या शिट्ट्या आहेत, मधेच "अगं बाई, दूध उतू गेलं" आहे. चिरंजीवांना गोष्ट पाठ झालीय. चिऊ दार उघडत नाही त्या जागी तोही न चुकता म्हणतो, "अगं बाई, दूध उतू गेलं."

खाली दाराशी दोन कापडी पिशव्या भरून कास्टानियन ठेवल्यात, आमच्या घरात आता जागा नाही. जाताना घेऊन जा. पोरांनी पायऱ्यांवर डाव मांडलेला दिसतोय आणि आमचे साहेब तिथून हातवारे करतायत. लाल टॉवेल लावलेला नसल्यामुळे मला जावं लागेल.