पेनड्राईव्ह ‘दिसत नाही’, म्हणजे नेमका कुणाला?

(पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, “पेनड्राईव्ह दिसत नाही” असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, कुणाला दिसत नाही? फाइल मॅनेजरला की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला? पेनड्राईव्ह खोचल्यापासून फोल्डर उघडेपर्यंत काम बऱ्याच हातांतून जातं. यूएसबी कंट्रोलरला पोर्टवर काहीतरी आल्याचं कळतं, कर्नल पाहुण्याचं नाव-गाव विचारतो, यूएसबी-स्टोरेज किंवा त्याहून वेगवान यूएएस ड्रायव्हर त्याला डिस्क म्हणून पुढे करतो, पार्टिशन वाचली जातात आणि मग फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) माउंट होते, म्हणजे वापरायला जोडली जाते. फाइल मॅनेजरला यातलं फक्त शेवटचं पाऊल ठाऊक. तिथे काही आलं नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून टर्मिनल उघडा. ‘सुडो डीमेसेज’, पुढे उणे चिन्ह आणि छोटा डब्ल्यू. ही कमांड कर्नलचा लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, येतील तशा दाखवते. आता एंटर दाबून मगच पेनड्राईव्ह खोचा. सगळं ठीक असेल तर पाच-सात ओळी झरझर येतात: ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, मग कंपनीचा आयडी, मग ‘मास स्टोरेज’, मग क्षमता आणि शेवटी ‘अटॅच्ड स्कझी रिमूव्हेबल डिस्क’. ओळी जिथे थांबतात, दुखणं तिथे.

एकही ओळ आली नाही तर सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. पोर्ट बदला, केबल बदला. चार्जिंगच्या बऱ्याच स्वस्त केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. तपकीर गल्लीत केबल घ्यायला गेलात तर “डेटा जाणारी द्या” असं स्पष्ट सांगा, नुसती “चांगली द्या” नको.

‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ किंवा ‘-११०’ आलं तर पाहुणा दारात आहे, पण बोलणं जमत नाही. ७१ म्हणजे सिग्नलमध्ये गडबड, ११० म्हणजे वेळेत उत्तर नाही. दोन्हींत पहिला संशय वीज आणि केबलवर घ्या. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत आणि यूएसबी ३ च्या पोर्टने ९००, असा नियम आहे. अडीच इंची फिरती हार्डडिस्क सुरू होताना क्षणभर १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. टकटक आवाज येऊन ती परत परत बंद पडते, ते यामुळेही होतं. डेस्कटॉपवर पुढचं पोर्ट सोडून मदरबोर्डवरचं मागचं पोर्ट वापरा, नाहीतर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब घ्या. शिवाय यूएसबी ३ चा प्लग हळूहळू सरकवत आत घातला तर यूएसबी २ च्या पुढच्या चार पिना आधी टेकतात आणि डिस्क यूएसबी २ म्हणूनच नोंदली जाऊ शकते. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी -टी’ या कमांडमध्ये वेग ५००० एमऐवजी ४८० एम दिसला तर काढा आणि एका झटक्यात खोचा.

‘एलएसयूएसबी’त नाव आहे पण डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’त डिस्क नाही, तर ड्रायव्हरकडे बघा. कर्नल अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं नसेल तर लिनक्सच्या काही अवतारांत (डिस्ट्रोंत), आर्चमध्ये तर हमखास, चालू कर्नलची मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली, डिस्कवरून गेलेली असतात. मग यूएसबी-स्टोरेज लोड होणार कुठून? ‘युनेम -आर’ने आलेला चालू कर्नलचा आकडा लिब-मॉड्यूल्समधल्या फोल्डरच्या नावाशी ताडून बघा, जुळला नाही तर रीस्टार्ट. हिंजवडीतल्या ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मॉडप्रोब-डी फोल्डरमध्ये हे मॉड्यूल मुद्दामच बंद केलेलं असू शकतं. ते परस्पर उघडू नका, ॲडमिनला विचारा.

डिस्क येते पण कॉपी करताना गोठते आणि लॉगमध्ये ‘यूएएस’ आणि ‘रीसेट’ यांचा पाढा चालू असतो, तेव्हा बऱ्याचदा केसिंगमधली ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी) यूएएस नीट पाळत नसते. मशीन सुरू करणाऱ्या ग्रबच्या कर्नल-ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ लिहा, पुढे एलएसयूएसबीतला आयडी जसाच्या तसा, मग अपूर्णविराम आणि छोटा यू. ग्रब अपडेट करून रीस्टार्ट करा. मग यूएएस सोडून यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर काम करतो; वेग थोडा उतरतो, पण डिस्क चालते. हा उपाय लोकांना फार उशिरा कळतो.

एलएसबीएलकेत डिस्क आहे पण क्षमता ० दिसते? कंट्रोलर बोलतोय, पण आतली मेमरी बहुधा गेली. तसं असेल तर कुठलीही कमांड तिला जागं करणार नाही.

क्षमता बरोबर आहे, पार्टिशनही आहे, तर मामला फाइलसिस्टीमचा. एक्सफॅट ही फाइलसिस्टीम २०२० च्या ५.७ कर्नलपासून नीट आत आली, त्याआधीच्या मशीनवर वेगळं पॅकेज लागतं. विंडोजच्या एनटीएफएस फाइलसिस्टीमवर ‘व्हॉल्यूम इज डर्टी’ आलं तर डिस्क बहुधा विंडोजमधून इजेक्ट न करता उपटलेली असते. झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या पेनड्राईव्हचं हे नेहमीचं. विंडोजवरच चेकडिस्क चालवा. लिनक्सवरचं ‘एनटीएफएसफिक्स’ मुख्यतः ही ‘डर्टी’ची खूण पुसतं, पूर्ण दुरुस्ती करत नाही.

आणि लॉगमध्ये ‘आय-ओ एरर’ (वाचता-लिहिताना येणाऱ्या चुका) दिसायला लागले तर एफएससीकेला, म्हणजे फाइलसिस्टीम दुरुस्त करणाऱ्या कमांडला, हात लावू नका. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवा. कमांडमध्ये स्रोत आधी, ठिकाण नंतर. डिस्कचं नाव एसडीबी की एसडीसी हे एंटर दाबण्याआधी एलएसबीएलकेत क्षमता बघून दोनदा तपासा, कारण अक्षरं दर खेपेला तीच राहतील याची खात्री नसते. मग एफएससीके चालवायचं ते त्या प्रतिमेच्या प्रतीवर.