कान तपासला, तोल तपासलात का?

(कर्णबधिर मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासमोर एका ऑडिऑलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून संपादित.)

नमस्कार. दुभाषी ताई सगळ्यांना नीट दिसताहेत ना? त्या हात वर करतील तेव्हा मी थांबेन.

सुरुवात फुगडीपासून करते. तुमची मुलगी फुगडी घालते तेव्हा हात सुटल्यावर तिला काय होतं? बहुतेक मुली दोन पावलं झोकांडतात, भिंत धरतात, नाहीतर हसत खाली बसतात. माझ्याकडे आलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीची आई मात्र कौतुकाने म्हणाली, "मॅडम, हिला कितीही गरगरा फिरवा, भोवळ म्हणून येत नाही." मुलगी जन्मतः दोन्ही कानांनी बहिरी. मी त्या दिवशी श्रवणयंत्राच्या जोडणीत गुंतले होते, वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. "चालायला कधी लागली?" हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, तो मी तिसऱ्या भेटीत विचारला. आई म्हणाली, "पावणेदोन वर्षांची झाल्यावर. अंगाने जड होती ना, म्हणून उशीर झाला असं सगळे म्हणायचे." ती अंगाने जड नव्हती. तिच्या आतल्या कानातलं तोलाचं यंत्रच काम करत नव्हतं.

आतल्या कानात शंखासारखा वळलेला कॉक्लिया असतो, तो ऐकण्याचा. त्याला लागूनच, त्याच हाडाच्या पोकळीत, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि यूट्रिकल व सॅक्यूल नावाच्या दोन पिशव्या असतात, त्या तोलाच्या. मान वळली की नलिकांना कळतं. लिफ्ट वर निघाली किंवा डोकं एका बाजूला कललं की पिशव्यांना कळतं. दोन्हीकडे द्रव एकच, केसासारख्या बारीक पेशी एकाच जातीच्या, आणि मेंदूकडे जाणारी आठवी नसही एकच, दोन फांद्यांची. मेंदुज्वराने, जन्मापूर्वीच्या संसर्गाने किंवा जनुकातल्या दोषाने कॉक्लियाचं नुकसान झालं, तर शेजारचं घर सुखरूप राहीलच असं कसं धरायचं? जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं तर अनेकदा आधी तोलाच्याच पेशींवर घाव घालतात.

हे आजचं ज्ञान नाही. अमेरिकेत हार्वर्डला शिकवणाऱ्या विल्यम जेम्सने 1882 साली एक निबंध छापला. त्याने 519 बहिऱ्या व्यक्तींना गोल फिरवून पाहिलं आणि त्यातल्या 186 जणांना चक्कर अजिबात आली नाही. ऐकू येणाऱ्या सुमारे दोनशे विद्यार्थ्यांत चक्कर न येणारा एकच निघाला. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधकांनी आणि नासाने वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजातून अकरा पुरुष निवडले. त्यातल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणी मेंदुज्वराने गेलं होतं. चौघे जण सलग बारा दिवस एका फिरत्या खोलीत राहिले. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं, तर तपासणारे संशोधकच आजारी पडले आणि हे अकरा जण पत्ते खेळत बसले. अंतराळात माणसाला मळमळ का होते, हे कळायला या बहिऱ्या माणसांनी स्वतःवर प्रयोग करू दिले. दुभाषी ताई, एवढं जरा सावकाश सांगा, पुढच्या रांगेतल्या मुलांपर्यंत ते पोचायला हवं.

आता तुम्ही विचाराल, एवढी मोठी उणीव असेल तर मूल तक्रार का करत नाही? कारण तक्रार करायला आधी फरक जाणवावा लागतो. मोठ्या माणसाचा एका कानाचा तोल एकाएकी गेला तर घर गरगर फिरतं, उलट्या होतात, तो धावत दवाखान्यात येतो. जन्मापासून दोन्हीकडचा तोल नसेल तर घर कधी फिरतच नाही. म्हणून "चक्कर येते का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मिळतं आणि कागदावर टिकमार्क होतो. शिवाय आपल्याकडे "चक्कर" या एका शब्दात किती गोष्टी कोंबतात! उठताना डोळ्यांपुढे येते ती अंधारी वेगळी. गरगरतं ती भोवळ वेगळी. चालताना एका बाजूला जातो तो झोक वेगळा. मी आता मोठ्या रुग्णांना विचारते, "नेमकं काय होतं? घर फिरतं, की तुम्ही फिरता, की नुसती अंधारी येते?" आणि मुलांच्या आयांना विचारते, "मान कधी धरली? बसलं कधी? चाललं कधी? अंधारात कसं चालतं?" कारण तोल नसलेलं मूल डोळ्यांच्या आधाराने चालतं, अंधारात तो आधार जातो. बाळ अठरा महिन्यांचं होऊनही चालत नसेल आणि त्याला ऐकूही येत नसेल, तर वजनाचं किंवा आळसाचं कारण शोधत बसू नका.

आणि याचा परिणाम केवळ पडण्याझडण्यापुरता नाही. डोकं हललं की डोळे तेवढ्याच वेगाने उलट दिशेला वळतात, म्हणून चालता चालता आपल्याला दुकानाची पाटी वाचता येते. ही आज्ञा नलिकांकडून येते. ती आली नाही तर प्रत्येक पावलाला पाटी हलते, अक्षरं नाचतात. आता विचार करा, तुमच्या मुलाला ओठ वाचायचे आहेत, समोरच्याच्या हातांच्या खुणा पाहायच्या आहेत. त्याचे डोळे हेच त्याचे कान. तेच नीट स्थिर राहत नसतील, तर वर्गात फळ्यावरून वहीकडे आणि वहीवरून बाईंच्या तोंडाकडे मान फिरवताना ते मूल दिवसभर किती झिजत असेल! अशा मुलाला "लक्ष देत नाही" असं म्हणताना माझा जीव तुटतो.

तपासणी कशी करतात ते सांगते. सगळ्यात जुनी कॅलोरिक. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीच्या लक्षात आलं की रुग्णाच्या कानात पाणी सोडलं की त्याला गरगरतं आणि डोळे एका दिशेने झटके देतात. पाणी थंड की गरम, यावर दिशा उलटते. त्याला 1914 सालचं नोबेल मिळालं, तेव्हा तो महायुद्धात रशियाच्या कैदेत होता. आज आपण शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि सात अंश जास्त, म्हणजे 30 आणि 44 अंशांचं पाणी प्रत्येक कानात आळीपाळीने सोडतो आणि चष्म्यातल्या कॅमेऱ्याने डोळे टिपतो. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल तर पाणी चालत नाही, हवा वापरतात. आधीच्या दोन दिवसांत चक्करेची गोळी घेतली असेल तर निकाल फसवा येतो. ती बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

इथे बहिऱ्या माणसाची अडचण सुरू होते, आणि ती फार कोणी बोलत नाही. या तपासणीत चष्म्याने डोळ्यांपुढे पूर्ण अंधार करतात, कारण नजर कशावर टेकली तर झटके दबतात. श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कॉक्लियात बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग काढून ठेवलेला असतो. म्हणजे ओठ दिसत नाहीत, खुणा दिसत नाहीत, आवाज नाही, आणि वरून कानात पाणी येऊन जग फिरायला लागतं. ऐकू येणाऱ्या रुग्णाला आम्ही या वेळी "गावांची नावं सांगा" असं म्हणून जागं ठेवतो, कारण मन सुस्तावलं की झटके मंदावतात. बहिऱ्या माणसाला त्या अंधारात काय विचारणार? म्हणून आम्ही चष्मा चढवण्याआधी सगळं उजेडात ठरवून घेतो. खांद्यावर एक थाप म्हणजे पाणी येतंय. दोन थापा म्हणजे संपलं. तळहातावर मी बोटाने एकेक अक्षर काढते, ते ओळखून खुणेने सांगायचं, हेच जागं राहण्याचं काम. आणि त्याने हाताची मूठ वळली तर मी तत्क्षणी थांबते. नुसतं "घाबरू नका" लिहून दाखवलं आणि झोपवलं, असं करू नये. कोणी तसं करत असेल तर तुम्ही थांबवा.

लहान मुलांसाठी सोप्या तपासण्या आहेत. डोक्याला छोटासा झटका देऊन डोळे जागेवर राहतात का ते पाहणं, ही हालमागी आणि कर्थॉइज यांनी 1988 मध्ये मांडलेली पद्धत. आता ती व्हिडिओवर टिपतात आणि दोन्ही कानांतल्या सहाही नलिका वेगवेगळ्या तपासता येतात. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती सॅक्यूलची तपासणी. कानात मोठा आवाज दिला की मानेच्या स्नायूचा ताण क्षणभर सैल होतो. हे सॅक्यूलमुळे घडतं, आणि मासे तर सॅक्यूलनेच ऐकतात. म्हणून मुलाला तो आवाज ऐकू आला नाही तरी ही तपासणी होऊ शकते. मधल्या कानात दोष असेल तर मात्र हाडावर कंप द्यावा लागतो. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये 2018 पासून बहिऱ्या बाळांची सहाव्या महिन्यातच ही तपासणी करतात. एका तपासणीवर मात्र विसंबू नका. कॅलोरिक आडवी नलिकाच पाहते, बाकी भागांबद्दल गप्प राहते.

इम्प्लांट करायच्या आधी तर हे पाहायलाच हवं. शस्त्रक्रियेत कॉक्लियात तार जाते, त्यात शेजारचा तोल दुखावण्याची शक्यता असते. एकाच कानाचा तोल शाबूत असेल तर कोणता कान आधी निवडायचा, हा प्रश्न सर्जनसमोर ठेवा. आणि तोल नसलेलं मूल वारंवार पडतं, डोक्यावर आपटतं, त्यात इम्प्लांटचं आतलं यंत्रही बिघडू शकतं.

अशर सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार आहे. त्यात जन्मतः बहिरेपण, चालायला उशीर, आणि पुढे बालपणातच रात्रीचं दिसणं कमी होतं. डोळ्यांच्या कितीतरी आधी तोल आपल्याला सावध करू शकतो. त्या आठ वर्षांच्या मुलीला आम्ही म्हणूनच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. तिचे डोळे चांगले निघाले. तिच्या दोन्ही कानांच्या नलिकांनी आणि पिशव्यांनीही प्रतिसाद दिला नाही. आता ती रोज भिंतीवरच्या अक्षरावर नजर खिळवून मान हलवण्याचे व्यायाम करते, गादीवर एका पायावर उभी राहते.

तिच्या वडिलांचा बेत मे महिन्यात गावी नेऊन विहिरीत पोहायला शिकवायचा होता, पाठीला डबा बांधून, जसे ते स्वतः शिकले. मी त्यांना बसवून सांगितलं: पाण्याखाली पायाला जमीन लागत नाही, डोळ्यांना गढूळ दिसतं, आणि वर कुठे हे सांगणारा कान तिच्याकडे नाही. ती तळाकडे पोहत जाऊ शकते. कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात, हात धरून शिकवा. त्यांनी मान्य केलं. फुगडी ती अजूनही घालते, आणि आई आता अंगणातला दिवा लावून ठेवते.