गोल इमारतीतल्या खोल्या

नमस्कार श्रोतेहो. पन्नास रुपयांची जुनी नोट आठवते? तिच्या पाठीवर एक गोल इमारत होती, दिल्लीची जुनी संसद. भोवती 144 खांबांची ओवरी, प्रत्येक खांब 27 फूट उंच. पण हा गोल आकार सुरुवातीचा नव्हे. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी त्रिकोणी आराखडा काढला होता. त्यांचे सहकारी वास्तुविशारद एडविन लुटेन्स वर्तुळासाठी अडून बसले आणि त्यांचंच चाललं. 1921 साली पायाभरणी झाली, 18 जानेवारी 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलं. नाव होतं कौन्सिल हाऊस.

खांब देखणे आहेतच. मला मात्र आतल्या खोल्यांची गोष्ट जास्त ओढ लावते.

आत तीन सभागृहं बांधली: एक केंद्रीय विधानसभेचं, दुसरं कौन्सिल ऑफ स्टेटचं, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ सभागृहाचं, तिसरं नरेंद्रमंडळाचं, म्हणजे संस्थानिकांचं. मधोमध घुमटाखाली ग्रंथालय. राज्य इंग्रजांचंच राहणार, या हिशेबाने केलेली ही मांडणी. दोनच वर्षांत, 8 एप्रिल 1929 रोजी, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून बॉम्ब टाकले आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली.

मग 1946 साल आलं. ग्रंथालयातली पुस्तकं हलली, बाकं मांडली गेली आणि 9 डिसेंबरला तिथे संविधान सभा बसली. हाच सेंट्रल हॉल. घुमटाचा व्यास 98 फूट, उंचीही अशी की पंखे वरून टांगलेच नाहीत. जमिनीवरच्या खांबांवर ते उलटे बसवले. 1947 च्या 14 ऑगस्टची मध्यरात्र याच दालनाने पाहिली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी इथेच बजावलं, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, ती लवकर दूर करा. ते भाषण मुळातून वाचाच, श्रोतेहो.

आणि संस्थानिकांचं दालन? तिथे 28 जानेवारी 1950 रोजी सर्वोच्च न्यायालय सुरू झालं आणि 1958 पर्यंत तिथेच चाललं. राजेमहाराजांसाठी सजवलेल्या त्या दालनात सामान्य नागरिक सरकारविरुद्ध दाद मागू लागला. मला या वास्तूतला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो.

सप्टेंबर 2023 मध्ये संसदेचं कामकाज शेजारी हललं, जुनी वास्तू संविधान सदन झाली. शेजारची नवी इमारत त्रिकोणी आहे.