सॅव्हॉयच्या आवारातून

मसुरी म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, हनिमून आणि आयएएसची अकादमी. ती अकादमीसुद्धा एका हॉटेलच्याच जागेत आहे बरं का! शार्लव्हिल हॉटेल. सरकारनं ते 1959 मध्ये घेतलं आणि जुनी इमारत 1984 च्या आगीत गेली. मसुरीतलंच दुसरं जुनं हॉटेल, सॅव्हॉय, मात्र अजून हॉटेल म्हणूनच उभं आहे.

लिंकन नावाच्या लखनौच्या बॅरिस्टरनं ते 1902 साली उघडलं. देहरादूनला रेल्वे येऊन दोनच वर्षं झाली होती आणि मसुरीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. त्यामुळे पियानो, बिलियर्डची टेबलं, ओकचं जड फर्निचर, दारूची पिंपं हे सगळं बैलगाड्यांनी सहा-साडेसहा हजार फूट उंचीवर चढलं. नाव राहिलं लिंकनसाहेबाचं. गाडीवानांना कोण विचारतो!

पहाटे वाजणाऱ्या घंटेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. श्रद्धाळूंनी प्रार्थनेला बसावं आणि बाकीच्यांनी आपापल्या खोलीत परतावं, म्हणून ती वाजायची म्हणे. 1911 मध्ये इथं एक इंग्रज बाई विषानं मेली, तिच्या मैत्रिणीवर खटला चालला आणि ती सुटली. भुताच्या गोष्टी तेव्हापासूनच्या. पर्यटकांना हेच सांगतात. मला विचाराल तर सॅव्हॉयचा खरा इतिहास 1920 च्या मे महिन्यातला आहे.

तिसरं इंग्रज-अफगाण युद्ध नुकतंच संपलं होतं. तहाच्या बोलण्यांसाठी आलेलं अफगाण शिष्टमंडळ सॅव्हॉयमध्ये उतरलं होतं. तिथंच तीस वर्षांचे जवाहरलाल नेहरू आजारी आई आणि पत्नीला हवापालटासाठी घेऊन आले होते. महिनाभरात त्यांची एकाही अफगाणाशी गाठ पडली नव्हती. तरी एका संध्याकाळी पोलीस अधिकारी दारात उभा! अफगाणांशी संबंध ठेवणार नाही, असं लिहून द्या. तसा काही इरादा नव्हताच, पण नेहरूंनी लिहून द्यायला साफ नकार दिला. हुकूम निघाला, चोवीस तासांत जिल्हा सोडा.

ही बातमी अफगाणांनी वर्तमानपत्रात वाचली आणि नेहरूंच्या आईकडे रोज फळाफुलांची टोपली येऊ लागली. पुढं हुकूम मागं घेतला गेला. नेहरू परतले तेव्हा हॉटेलच्या आवारात त्यांना पहिल्यांदा दिसला तो एक अफगाण मंत्री, आणि त्याच्या कडेवर अडीच वर्षांची इंदिरा. जो संबंध सरकारला नको होता, तो सरकारनंच जुळवून दिला होता.

पण मधले दोन आठवडे नेहरू अलाहाबादला होते. मसुरीत राहिले असते तर ते जूनमध्ये अलाहाबादला नसते. आणि त्याच जूनमध्ये प्रतापगडचे दोनेकशे शेतकरी पन्नास मैल चालत, जमीनदारांविरुद्धची गाऱ्हाणी घेऊन अलाहाबादला आले. नेहरू त्यांना भेटले, त्यांच्या गावांत गेले. भारतातला शेतकरी त्यांनी इतक्या जवळून तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या शेतकऱ्यांना घेऊन आला होता बाबा रामचंद्र. मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर. होय, मराठी माणूस! फिजीत करारबद्ध मजुरी करून आलेला. अवधच्या गावांतून तो तुळसीरामायण म्हणत फिरायचा. एका गावानं ‘सीताराम’ अशी हाक दिली की पुढचं गाव ती उचलायचं, आणि बघता बघता माणसं शेतं ओलांडून धावत यायची.