पात बुडाकडून शेंड्याकडे

शहाद्याहून निघालं की राणीपूरनंतर घाट लागतो. शेवटचं वळण संपलं, की खानदेशी उन्हाला सरावलेल्या अंगाला हवा बोचायला लागते. तोरणमाळ, सुमारे ११०० मीटर उंच. अशा हवेत हवा तो गवती चहा.

परसात, मोरीच्या पाण्यावर पोसलेला हा त्याचा ठोंब. विळा जमिनीपासून चार बोटं वर लावायचा. पांढरा दांडा राहिला तर पुन्हा फूट येते. मुळापर्यंत खरडलं तर पावसाळ्यात ठोंब कुजतो. पातीवरून हात फिरवा तो बुडाकडून शेंड्याकडे. कडेचे बारीक दाते शेंड्याकडे वळलेले असतात, उलटा हात गेला की बोट चिरलंच. तांबूस ठिपक्यांची पात घेऊ नका, चहा कडवट होतो.

फसगत होते ती रानात. सातपुड्याच्या उतारावर याच जातकुळीचं रोशा गवत उगवतं. खानदेशचं रोशा तेल एकेकाळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं, गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! अत्तराला ठीक, कपात नको. रोशाची पात बुडाशी रुंद असते, दांड्याला कवटाळून बसते आणि पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात. गवती चहाची पात लांब, बुडाशी निमुळती, तुरा क्वचितच. तरीही शंका असेल तर चुरगाळून हुंगा. लिंबाचा वास आला तर गवती चहा, गुलाबाकडे झुकला तर रोशा.

दोन कपांसाठी अडीच कप पाणी. वीतभर लांबीच्या चार-पाच पाती चुरगाळून त्यांची गाठ मारायची, म्हणजे गाळताना त्रास नाही. पाणी खळखळलं की गाठ आणि अर्धा इंच ठेचलेलं आलं टाका, आच मंद करा आणि झाकण ठेवा. झाकण विसरलात तर घर घमघमतं, कप मात्र सपक, कारण वासाचं तेल वाफेबरोबर उडून जातं. इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून पाचाऐवजी सहा मिनिटं द्या. मग पाव चमचा चहा पावडर, मिनिटभरच. जास्त उकळली की तुरटपणा वर येतो. गॅस असो वा चूल, पातेलं उतरवल्यावर सुपारीएवढा गूळ.

हा चहा कोराच प्यावा. दूध हवंच असेल तर वेगळं तापवून शेवटी ओता. गुळाबरोबर उकळलं की ते फाटतं, आणि दोष बिचाऱ्या दूधवाल्याला लागतो.

पात वाळवायची तर सावलीत, उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. घरी न्यायची असेल तर जुडीपेक्षा मुळासकट एक फुटवा मागून घ्या. याचं बी मिळत नाही, लागवड फुटव्यावरच होते. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको. जळगावच्या उन्हात कुंडी ठेवणार असाल तर रोज पाणी द्या.