ओल, कातळ आणि आपली सॅक

नमस्कार. दिवाळी झाली की मला सगळीकडून एकच प्रश्न येतो: स्लीपिंग बॅग किती डिग्रीची घेऊ? विचारणारे बहुतेक हरिश्चंद्रगडाला नाहीतर भंडारदऱ्याला निघालेले असतात, आणि दुकानदाराने त्यांच्या हातात उणे दहाची बॅग ठेवलेली असते. आज मी या प्रश्नाच्या थोडं मागे जाणार आहे. सह्याद्रीत रात्र उघड्यावर काढताना गाठ पडते ती मुख्यतः ओलीशी. थंडी दुसरी येते. हे मला कळायला बरीच वर्षं लागली आणि तोवर नको त्या सामानावर पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी आज उभी आहे.

डिसेंबरातली एक रात्र सांगते. धरणाच्या पाण्याकाठी, अगदी लाटेचा आवाज येईल इतक्या जवळ आम्ही दोघी तंबूत झोपलो होतो. आभाळ निरभ्र, वारा नाही. पहाटे तीनला जाग आली तर बॅगेचा पायाकडचा भाग ओला, कापडावरून थेंब टपटपत होते. तंबू गळतोय म्हणून बाहेर पाहिलं तर चांदणं स्वच्छ. पाऊस पडलाच नव्हता. ते पाणी आमचंच होतं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून मिळून सहज अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतात. थंडी लागते म्हणून आम्ही सगळ्या चेनी गच्च बंद केल्या होत्या. ती वाफ गार कापडाला लागून पाणी झाली आणि आमच्याच अंगावर उतरली.

म्हणून तंबू बघताना मी पहिल्यांदा झरोके बघते. आत जाळीचा तंबू, बाहेर वेगळं कापड, आणि दोघांत चार बोटांचं अंतर. एक झरोका खाली, एक वर, म्हणजे हवा खेळते. एकाच कापडाचे स्वस्त तंबू मिळतात, उघडून फेकले की उभे राहतात. ते बागेत मुलांना खेळायला छान आहेत, पण डिसेंबरात पाण्याकाठी त्यांत झोपू नका. आणि गारठा वाटला तरी झरोके उघडेच ठेवा. एक टोपी जास्त घाला.

त्या रात्रीची दुसरी चूक जागेची होती. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही दर हिवाळ्यात वाचता. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. निफाड काही डोंगरमाथ्यावर नाही. एरवी हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. पण निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आभाळाला देऊन टाकते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून वाहत सखल भागात साचते. धरणाचा काठ म्हणजे अशा हवेचं तळंच, शिवाय तिथे दवही जास्त. त्याच उतारावर वीस-तीस मीटर वर, एखाद्या झाडाच्या पसाऱ्याखाली तंबू लावला असता तर रात्र बरीच सुसह्य गेली असती. झाड आडवं आलं की दव कमी पडतं. हे पाड्यावरच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं. गुरांचा गोठा कुठे बांधलाय ते बघा, तो पाण्याला टेकून कधीच नसतो.

आता मॅट. माझ्या मते तुमच्या पैशांतला पहिला रुपया इथे गेला पाहिजे, आणि लोक शेवटचा इथे घालतात. बॅग ऊब धरते ती तिच्यातल्या फुगलेल्या हवेमुळे. आपण अंगाखाली ती चेपून टाकतो, म्हणजे पाठीखाली बॅग जवळपास नसल्यासारखीच. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते, आणि खाली कातळ असेल तर विचारूच नका. मॅटवर आर नावाचं एक मूल्य दिलेलं असतं. जितकं जास्त तितकी ती ऊब अडवते. दोन मॅट एकावर एक घातल्या तर मूल्यांची बेरीज होते, त्यामुळे नवीन भारी मॅट घेण्याऐवजी साध्या फोमच्या दोन घेतल्या तरी हिवाळा निघतो. हवा भरायच्या मॅट मऊ खऱ्या, पण कारवीची खुंटं आणि बोरीचे काटे त्यांना जगू देत नाहीत. मी फोमचीच वापरते. गुंडाळी मोठी होते, सॅकला बाहेर बांधावी लागते, पण फुटत नाही.

आणि मग बॅग. तिच्यावर तीन आकडे असतात. पहिला आरामाचा: सर्वसाधारण बाईला शांत झोप लागेल असं तापमान. दुसरा मर्यादेचा: सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल तो. तिसरा टोकाचा, म्हणजे जीव वाचेल इतकंच, झोपेचं नाव नाही. पुष्कळदा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो तिसरा! तुम्ही पहिला बघा. आपल्या गडांवर आराम पाच अंशांचा असेल तर पुरतं. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण ओली झाली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. सह्याद्रीतलं दव आणि धुकं बघता मी कृत्रिम धाग्याचीच घ्या म्हणेन. हिमालयात वर्षातून एकदा जाणार असाल तर तिथली बॅग भाड्याने मिळते, त्यासाठी घरात जाडी बॅग बाळगू नका.

कपड्यांचं एकच सांगते. सुती बनियन घालून चढलात, घाम आला, आणि वर जाऊन तशाच बसलात तर कुडकुडणार. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. लोकर वेगळी. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. धनगरांची घोंगडी याच गुणावर पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभी आहे. वजनामुळे ती मी पाठीवर नेत नाही, पण गाडी जाईल तिथे मुक्काम असेल तर मॅटवर घोंगडी अंथरते. इतकी चांगली झोप दुसऱ्या कशावर लागत नाही.

इथल्या जमिनीची एक गोष्ट परदेशी बनावटीच्या तंबूंना माहीत नसते. आपल्याकडे कातळ आहे. पठारावर दोन बोटं माती आणि खाली अखंड बसाल्ट. तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या मुरमात वाकतात आणि कातळात शिरतच नाहीत. म्हणून खुंट्यांशिवाय स्वतःच्या पायांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्या आणि दहा-पंधरा मीटर बारीक नायलॉनची दोरी वेगळी ठेवा. दोरी दगडाला बांधायची, त्या दगडावर दुसरा मोठा दगड ठेवायचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा वारा खालून वर येतो, तंबू उचलतो. कड्यापासून लांब राहा, आणि रिकामा तंबू कधीही न बांधता सोडू नका. हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो, तेव्हा तंबू लावण्याआधी वनखात्याची परवानगी विचारा. लेणी-मंदिराजवळ तर लावूच नका.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे. जुलै-ऑगस्टात गडावर तंबू नेऊ नका. आंबोली, घाटघर, ताम्हिणी या पट्ट्यात पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. कापडावर तीन हजारचा आकडा असतो, म्हणजे तीन हजार मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं. ऐकायला भक्कम. पण तुम्ही गुडघा टेकलात की तळाच्या कापडावर त्याहून कितीतरी जास्त दाब येतो आणि खालचं पाणी वर येतं. गावात घर आहे, चूल आहे, पिठलं-भाकरी आहे. तिथे मुक्काम करा, घरच्यांना पैसे द्या. चाल पावसात, झोप छपराखाली.

या चालीसाठी दोन गोष्टी. सॅकचं वरचं कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी पट्ट्यांवरून आत उतरतं. त्यामुळे सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून बांधा. आणि कपडे दोनच जोड: एक चालण्याचा, जो ओला होणारच, एक झोपण्याचा, जो काहीही झालं तरी पिशवीबाहेर ओल्यात काढायचा नाही. सकाळी पुन्हा तेच ओले कपडे अंगावर चढवायचे. जिवावर येतं, पण दहा मिनिटं चाललं की अंग तापतं. कोरडा जोड सकाळी घातला की दुसऱ्या रात्रीला काही उरत नाही.

रेनकोटाबद्दल सांगताना मला नेहमी इरलं आठवतं. बांबूच्या कामट्या आणि पानं, पाठ-डोकं झाकलेलं, पुढून मोकळं. वाकून भात लावणाऱ्या बाईला पाऊस पाठीवर लागतो, घाम पुढून निघून जातो. आपण बंद प्लॅस्टिकच्या कोटात घामाने आतून भिजतो. काखेत चेन असलेला, सैल कोट शोधा. पोंचो जंगलातल्या वाटेवर चांगला, पण डोंगराच्या धारेवर त्याचं शीड होतं. तिथे तो काढून ठेवा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच गडांवरची टाकी आटतात, तेव्हा माणशी चार-पाच लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो, पाठीवर धरूनच सामान ठरवा. बॅग घरी ठेवा, चादर पुरते. वरचं कापड न लावता नुसत्या जाळीत झोपा, पण ते हाताशी असू द्या, वळीव सांगून येत नाही. वीज कडाडू लागली की माथा सोडून खाली या. जाळीची चेन कायम बंद, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. कोकणातल्या विंचवाने एके काळी किती जीव घेतले हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे जगाला कळलं. आज उपचार आहे, पण दवाखाना गडावर नसतो. मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल तर लाल प्रकाशाची सोय असलेला हेडटॉर्च घ्या. काजव्यांची नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात, आपला पांढरा झोत त्यांचं बोलणं तोडतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. तंबूत शेगडी, निखाऱ्यांची घमेली, स्टोव्ह काहीही नेऊ नका, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

नवीन तंबू घेतला असेल तर येत्या शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर लावा. वर दोन बादल्या पाणी ओता, आत बसून शिवणींवरून हात फिरवा. ओल लागली तिथे शिवणी बुजवायचा डिंक लावायचा. मग रात्री तिथेच झोपा. गच्चीचा सिमेंट-काँक्रीट म्हणजे घरचा कातळ, मॅट पुरते की नाही ते पहाटेपर्यंत कळेल. आणि सकाळी तंबू दोरीवर पूर्ण वाळवूनच घडी घाला, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीच्या वासासकट उघडेल.

माझी सॅक इथे टेबलावर आहे. पुढे या, एकेक वस्तू हातात घेऊन बघा. प्रश्न तेव्हाच घेऊ.